सणाच्या कुळातील एक शब्द

लॅटिन भाषेतील 'फेस्तिवितास' हा शब्द कोशात काढून पाहिला, तर आनंद, विनोद, वाक्चातुर्य, लालित्य आणि उत्सव असे अर्थ त्याच्यापुढे ओळीने मांडलेले आढळतात, आणि कोशकाराने निरनिराळ्या धन्यांची मिळकत चुकून एकाच्याच नावे दाखल केली की काय, अशी शंका वाचणाऱ्याच्या मनाला चाटून जाते. परंतु या शब्दाची वंशावळ जरा मागे जाऊन तपासली म्हणजे ही सारी मिळकत वडिलोपार्जितच आहे, अशी खात्री पटते. 'फेस्तुस' म्हणजे सणाचा. सार्वजनिक सुटीच्या, देवतांना वाहिलेल्या दिवसांना रोमन लोक 'फेरिए' म्हणत, आणि हे दोन्ही शब्द एकाच मुळापासून फुटलेले आहेत. त्या दिवशी रोमच्या न्यायाधिकाऱ्याला निवाड्याचे शब्द मुखावाटे काढण्याची मनाई असे. दावे तहकूब होत आणि वादी-प्रतिवादी आपापल्या घरी जात. कायद्यांवरील आपल्या ग्रंथात सिसेरोने सणाचे प्रयोजन मोठ्या नेमकेपणाने सांगितले आहे: स्वतंत्र नागरिकाला खटल्यांपासून आणि कलहापासून विसावा मिळावा, गुलामाला कामापासून आणि कष्टांपासून मिळावा, यासाठी सण. देवाची पूजा त्यात आहेच. पण भांडण थांबणे हाही त्या पूजेचाच भाग मानला गेला होता, आणि मला या शब्दाचे सारे सौंदर्य त्या एका गोष्टीत साठलेले दिसते. ज्याच्या बोलण्यात 'फेस्तिवितास' आहे, तो माणूस तो विसावा स्वतःबरोबर घेऊन हिंडतो. पंचांगात सण नसला तरी त्याच्या सहवासात तो असतो.

प्लॉटसच्या एका नाटकात लाडाच्या संबोधनांमध्ये 'माझा सणाचा दिवस' हेही येते, ते याच भावनेने. पुढे ख्रिस्ती धर्मसंस्थेने हा शब्द उचलला, तेव्हा त्यातील विनोदाचा अंश हळूहळू मावळला आणि संतांच्या स्मरणदिनाचा, विधिपूर्वक साजऱ्या होणाऱ्या उत्सवाचा अर्थ तेवढा उरला. त्याच कुळातील एक शाखा पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावरही उतरली. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त भरते, तेव्हा मेणबत्त्या, मिठाया आणि खेळणी यांच्या दुकानांमधून वाट काढीत चाललेली हिंदू आणि ख्रिस्ती माणसे जो शब्द सहज उच्चारतात, तो 'फेस्तुस'चाच दूरचा वंशज आहे.

रोमन लोकांपाशी विनोदासाठी शब्दांची वाण कधीच नव्हती. मीठ या अर्थाचा 'साल' हा शब्द ते खुसखुशीत बोलण्याला लावीत. 'लेपोस' म्हणजे मन वेधून घेणारी मोहकता, आणि हा कॅटलसच्या विशेष जिव्हाळ्याचा शब्द. 'उर्बानितास' म्हणजे शहरात मुरलेल्या माणसाच्या उच्चारातून आणि शब्दांच्या निवडीतून जाणवणारी संस्कारिता. 'दिकासितास' म्हणजे दुसऱ्याला बोचणारी, तोडून बोलणारी हजरजबाबी वृत्ती. क्विंटिलियनने आपल्या वक्तृत्वशास्त्राच्या सहाव्या खंडात या सगळ्यांची छाननी केली आहे आणि ती अतिशय वाचनीय आहे. परंतु मीठ कमीजास्त होऊ शकते, शहरीपणात परकेपणाचा वास येऊ शकतो, आणि बोचरेपणाचे तर बोलायलाच नको. 'फेस्तिवितास' मात्र एकट्याची असू शकत नाही. सण एकट्याने साजरा होत नाही.

या शब्दाचा अर्थ न्यायासनासमोर उभा राहिलेला पाहायचा असेल, तर इ.स.पू. ५६ सालच्या ४ एप्रिलला रोमच्या फोरममध्ये जावे लागते. त्या दिवशी महामातेच्या खेळांना आरंभ झाला होता. नगरात नाटके चालू होती, इतर कचेऱ्या आणि अदालती बंद होत्या, पण सार्वजनिक दंगलीचे खटले सणासुदीलाही चालवावेत असा कायदा असल्यामुळे मार्कुस केलियुस या तरुणावरील खटला तेवढा चालूच होता, आणि त्या खटल्यातील पंचांना, साऱ्या नगराने सुटी उपभोगावी आणि आपण मात्र बाकांवर बसून जबान्या ऐकाव्यात, ही शिक्षाच झाली होती. बचावाचे अखेरचे भाषण सिसेरोचे होते. त्याने आरंभीच पंचांच्या या अवस्थेची दखल घेतली, आणि मग जे नाटक त्यांना पाहता येत नव्हते तेच त्यांच्यापुढे उभे केले. फिर्यादीच्या पाठीमागे क्लोदिया ही मोठ्या घराण्यातील स्त्री होती. सिसेरोने तिचा शतकांपूर्वीचा पूर्वज, आपियन मार्ग बांधणारा, दृष्टी गेलेला, दाढी राखणारा आप्पियुस क्लौदियुस याला जणू मृतांतून उठवून आणले आणि त्याच्याच खरखरीत आवाजात त्या वंशजेची कानउघाडणी केली. लगेच तो मुखवटा उतरवून तिच्या धाकट्या भावाचा छचोर सूर लावला. सुखात्मिकांतील कडक बाप आणि मवाळ बाप यांनाही साक्षीला बोलावले. केलियुस निर्दोष सुटला. हिरावून घेतलेला सण एका माणसाने केवळ शब्दांच्या बळावर पंचांना परत केला, यापेक्षा 'फेस्तिवितास'चे मोठे उदाहरण मला ठाऊक नाही.

तरीही हे भाषण वाचताना मनाला एक टोचणी लागून राहते. त्या दिवशीच्या सणाचा सगळा खर्च एका स्त्रीच्या अब्रूतून वसूल झाला होता, आणि तिची बाजू तिच्याच शब्दांत आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही. हसणाऱ्या पंचांमध्ये आपणही जाऊन बसलो, की उठताना तेवढे ओझे बरोबर घेऊन उठावे लागते.

हे सिसेरोच्याही मनात कोठेतरी असावे असे मला वाटते, कारण विनोदाच्या मर्यादांविषयी त्याच्याइतके विचारपूर्वक त्या काळी फार थोड्यांनी लिहिले. या खटल्याच्या नंतरच्या वर्षाचा, म्हणजे इ.स.पू. ५५ चा, 'वक्त्याविषयी' हा त्याचा संवादग्रंथ आहे. त्यातील संभाषण त्याने इ.स.पू. ९१ मध्ये, रोमन खेळांच्या सुटीत, तुस्कुलुम येथील क्रासुसच्या बागेत घडवले आहे. म्हणजे विनोदाची चर्चाही सणाच्याच दिवसांत बसवली आहे. ती करण्याचे काम येते गायुस युलियुस सीझर स्त्राबो याच्याकडे, जो पुढच्या प्रख्यात सीझरचा आप्त, पण स्वभावाने अगदी निराळा. तो आधीच सांगून टाकतो की ग्रीकांचे विनोद रसाळ असले, तरी विनोदाचे शास्त्र शिकवू पाहणारे त्यांचे ग्रंथ इतके नीरस आहेत की त्या नीरसपणाचेच तेवढे हसू येते. मग तो मर्यादा आखतो. भयंकर अपराध्याची थट्टा करू नये, कारण त्याला हास्याहून कठोर शस्त्र हवे. दुःखाने गांजलेल्याची करू नये, कारण ते अमानुष आहे. आणि लोकांना जी माणसे प्रिय आहेत त्यांच्या वाटेला जाऊ नये. जिभेवर आलेली चतुरोक्ती प्रसंग आणि माणूस पाहून गिळता येणे, हेच वक्त्याला भांडापासून वेगळे करते.

नियमांपेक्षा त्याने सांगितलेल्या गोष्टी अधिक गोड आहेत. त्यांतील स्किपिओ नासिका आणि कवी एन्नियुस यांची गोष्ट तर विसरणे शक्य नाही. (नासिका हे त्या घराण्याचे उपनाव नाकावरूनच पडलेले, संस्कृतातील आणि लॅटिनमधील नाकाचे हे सख्य फार पुरातन आहे.) नासिका एकदा एन्नियुसच्या दारी गेला, तेव्हा मालक घरी नाहीत असे दासीने सांगितले. धनी आतच आहे आणि ती त्याच्याच हुकमाने असे बोलते आहे, हे नासिकाने ओळखले, पण तो मुकाट्याने परतला. काही दिवसांनी एन्नियुस त्याच्याकडे आला, तेव्हा नासिका आतूनच मोठ्याने ओरडला की मी घरी नाही. हा तर तुझाच आवाज, असे कवीने म्हणताच नासिकाने त्याला निर्लज्ज ठरवले: मी तुझ्या दासीच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि तू माझ्या स्वतःच्या शब्दावर ठेवीत नाहीस! या उत्तरात रागाचा चुकारा आहे, पण राग नाही. तक्रार तर पूर्ण मांडली गेली, आणि दोघांच्या मैत्रीत तिळमात्र उणे आले नाही. भांडण तहकूब झाले.

आता हे सारे ज्याच्या मुखी घातले त्याचे पुढे काय झाले, ते सांगितले पाहिजे, कारण सिसेरोला लिहिताना ते पुरते ठाऊक होते. यजमान क्रासुस त्या संभाषणानंतर दहा दिवसांच्या आतच ज्वराने गेला. इ.स.पू. ८७ मध्ये मारियुसच्या पक्षाने नगर ताब्यात घेतले, तेव्हा त्याच संभाषणात भाग घेतलेल्या आंतोनियुसचे शिर छाटून वक्त्यांच्या व्यासपीठावर ठेवण्यात आले. स्त्राबोने एका एत्रुस्कन यजमानाचा आश्रय घेतला होता. त्याने दगा दिला, आणि ज्या मुखातून विनोदाची ती सुंदर मीमांसा सिसेरोने वदवली, ते शिरही भावाच्या शिराशेजारी तेथेच येऊन पडले. ग्रंथाच्या तिसऱ्या भागाच्या प्रारंभी सिसेरोने हा शोक उघडपणे केला आहे. म्हणूनच दुसऱ्या भागातील हास्य मला कधी हलके वाटत नाही. एक शोकाकुल लेखक आपल्या गेलेल्या वडीलधाऱ्यांना सणाचा एक दिवस पुन्हा मिळवून देतो आहे.

क्विंटिलियनच्या सहाव्या खंडाचीही हीच कथा. हास्यावरील ते दीर्घ प्रकरण ज्या खंडात आहे, त्याचा आरंभ एका बापाच्या विलापाने होतो. एकोणीस वर्षेही पुरी न झालेली पत्नी आधी गेली. मग पाच वर्षांचा धाकटा मुलगा. आणि शेवटी, ज्याच्या शिक्षणाकरिता हा ग्रंथ चालला होता, तो दहाव्या वर्षात पदार्पण केलेला थोरला. त्या विलापानंतर थोड्याच पानांवर तो विनोदाचे भेद सांगू लागतो. त्या दोन स्थळांमधील अंतर त्याने कसे ओलांडले असेल, या विचाराने मी पुष्कळदा पुस्तक मिटून बसलो आहे.

खुद्द 'फेस्तिवितास' हा शब्द सिसेरोच्या लेखणीतून अत्यंत उत्कटतेने उतरला, तो इ.स.पू. ४६ मध्ये, नेपल्सच्या आपल्या पेतुस नावाच्या मित्राला लिहिलेल्या पत्रात. यादवी युद्ध जवळजवळ संपले होते, सर्व सत्ता एका माणसाच्या हाती गेली होती, सेनेटमध्ये बोलण्यासारखे काही उरले नव्हते. नगरात बाहेरच्या माणसांची इतकी सरमिसळ झाली की जुनी घरगुती थट्टा कोठे ऐकूही येत नाही, अशी तक्रार करून त्याने लिहिले की त्या पुरातन, मातीतल्या 'फेस्तिवितास'ची प्रतिमा आता एकट्या पेतुसमध्येच उरली आहे. त्याला पाहिले की ग्रानियुस दिसतो, लुसिलियुस दिसतो, क्रासुस आणि लेलियुस दिसतात. यातील ग्रानियुस हा लिलाव पुकारणारा साधा माणूस. क्रासुस आणि लेलियुस हे रोमचे अधिपती, म्हणजे कॉन्सल. विनोदाच्या या दरबारात मानाचा क्रम जन्मावरून लागत नव्हता, हे या एका नामावळीवरून कळते.

पुढच्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी एक अधिपती अकस्मात वारला आणि सीझरने उरलेल्या काही तासांसाठी कानिनियुस याला त्या पदावर नेमले. कानिनियुसच्या कारकिर्दीत कोणीही जेवले नाही, कोणताही गुन्हा घडला नाही, आणि हा अधिपती इतका दक्ष की त्याने सबंध कारकिर्दीत डोळ्याला डोळा लावला नाही, असे सिसेरोने ग्रीसमधील एका मित्राला कळवले; आणि लगोलग त्याला बजावले की तू येथे नाहीस म्हणून तुला हसू येते, असतास तर अश्रू आवरले नसते.

त्यानंतर सीझरचा खून झाला आणि आंतोनियुसच्या नातवाशी, त्याच नावाच्या मार्क अँटनीशी, सिसेरोचा उघड लढा सुरू झाला. इ.स.पू. ४३ च्या आरंभी, त्या धामधुमीत, त्याने पेतुसला पुन्हा पत्र लिहिले. पेतुसने मित्रांकडे जेवायला जाणे सोडले होते, आणि याबद्दल सिसेरोने त्याची मोठ्या मायेने खरडपट्टी काढली: स्पुरिन्ना या शकुनवेत्त्याला मी हे प्रकरण निवेदन केले, तेव्हा त्याने सांगितले की पश्चिमेचा वसंतवारा सुटताच तू जुन्या सवयीवर आला नाहीस, तर राज्याला मोठा धोका आहे, तूर्त थंडीमुळे चालून जाईल. मग सूर बदलून त्याने मनापासून लिहिले की मित्रांसमवेत जेवणे हा देहाचा नव्हे, मनाचा विसावा आहे, आणि ग्रीक लोक अशा बैठकीला एकत्र पिणे म्हणतात, त्यापेक्षा आपल्या लोकांनी तिला एकत्र जगणे हे नाव दिले, ते अधिक शहाणपणाचे. याच पत्रात त्याने हेही लिहिले की रात्रंदिवस मला एकच ध्यास आहे, माझे नागरिक सुरक्षित आणि स्वतंत्र राहावेत, आणि त्यापायी प्राण गेला तरी तो सार्थकी लागेल. त्याच वर्षाच्या ७ डिसेंबरला तो गेला आणि त्याचे शिर व हात अँटनीच्या हुकमाने त्याच व्यासपीठावर लावले गेले. पेतुस त्या वसंतात मित्रांच्या पंक्तीला पुन्हा जाऊन बसला होता, असे मानायला मला फार आवडते.