नोंद व्हावयाची आहे

सरकारी नोकरीत बढतीचा हुकूम निघणे आणि बढती होणे या दोन निरनिराळ्या घटना आहेत, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. हुकूम निघतो, पेढे वाटले जातात, निरोपसमारंभ उरकतो, माणूस सामानसुमान बांधून हजार मैलांवरच्या गावी रुजू होतो, आणि तेथील आस्थापना शाखेतील कारकून चष्म्यावरून पाहत शांतपणे सांगतो, "आपले नाव अद्याप यादीत आलेले नाही." माणूस समोर उभा आहे, हजेरीपटावर त्याची सही आहे, फायली त्याच्या टेबलावर साचू लागल्या आहेत, पण पगारपत्रकाच्या लेखी तो अजून जन्मास यावयाचा आहे! या जुन्या ओळखीच्या अनुभवाची गाठ अमेरिकेतल्या एका खेळात, किंबहुना खेळावरच्या खेळात, पडेल असे मात्र सहसा कोणाच्या मनात येणार नाही.

या खेळाला फँटसी बेसबॉल म्हणतात. डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखकाने 1980 मध्ये काही मित्रांना जमवून त्याचे आजचे रूप बसवले. न्यूयॉर्कमधील ज्या फ्रेंच उपाहारगृहात ही मंडळी जमत, त्याच्या नावावरून हा प्रकार 'रोटिसरी' या नावानेही ओळखला जातो. रीत सोपी आहे. प्रत्येकाने खरोखरीच्या खेळाडूंतून आपला कल्पित संघ निवडावयाचा. ते खेळाडू मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्या पदरात पडावयाचे. त्या काळी वर्तमानपत्रातील आकडे हाताने उतरवून बेरजा कराव्या लागत. आता ते काम संकेतस्थळे करतात. आमचे एक स्नेही काही काळ अमेरिकेत होते, ते हे वेड घेऊन परतले. आणि आज दिल्ली, लखनौ, भुवनेश्वर, शिलाँग अशा ठिकाणी विखुरलेली आम्ही दहा मराठी माणसे त्यात गुंतलो आहोत. पैशाचा संबंध नाही. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर देशात 2025 मध्ये कायद्यानेच बंदी आली. आमचे मंडळ त्यापूर्वीही निव्वळ बढाईवरच चालत असे.

आता या खेळातील बढतीचे प्रकरण पाहा. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये 30 क्लब आहेत, आणि मोसमाच्या बहुतेक काळात प्रत्येकाला 26 खेळाडू हाताशी ठेवता येतात. त्यांच्या खाली मायनर लीगच्या चार प्रमुख पायऱ्या. सर्वांत वरची ट्रिपल-ए. कोवळी पोरे या पायऱ्या चढत असतात. लहान गावे, लांबचे बसप्रवास, बेताचे वेतन. मग एके दिवशी वरचा कोणी जखमी होतो, बोलावणे येते, आणि पोरगा त्याच रात्री मोठ्या मैदानावर उभा राहतो.

नेमका त्याच रात्री आमचा संताप सुरू होतो. कित्येक संकेतस्थळांच्या यादीत त्या पोराचे नावच नसते. तो फलंदाजीस येतो, होम रन मारतो, प्रेक्षक उभे राहतात. आणि आम्ही त्याचे नाव शोधू लागलो की उत्तर येते, असा खेळाडू अस्तित्वात नाही. एकदोन दिवसांनी कोणी कर्मचारी जागा होतो आणि नाव चढवतो. पण मधल्या दिवसांचे गुण कोणाच्याच खाती पडत नाहीत. ते मैदानावर झाले, वहीत झाले नाहीत.

आणि नाव चढले, तरी ते कोणाला मिळावे? काही ठिकाणी जो प्रथम बटण दाबील त्याचा तो खेळाडू. न्यूयॉर्कमध्ये संध्याकाळी 7 वाजता सुरू होणारा सामना उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला सुरू होतो. म्हणजे तिकडे दुपारी जाहीर होणारी बातमी आपल्या मध्यरात्रीची. दोन वर्षे ज्या मुलाची प्रगती आमच्या शिलाँगच्या स्नेह्यांनी पायरीपायरीने पाहिली, तो त्या रात्री निद्रानाश जडलेल्या दुसऱ्याच गृहस्थांच्या पदरात पडला. पारख हरली आणि जागरण जिंकले. मोहरबंद निविदा मागवून ठरल्या वेळी उघडण्याची सोय काही संकेतस्थळांवर आहे, आणि तीच न्यायाची आहे. पण आमच्या संकेतस्थळाने नव्याने चढवलेल्या नावांना या नियमातून वगळले होते. का, ते विचारणारे आमचे पत्र अद्याप अनुत्तरित आहे.

तिसरी तऱ्हा जागेची. खेळाडू कोणत्या जागी खेळू शकतो, याचे संकेतस्थळाने प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि ते बहुधा मेजर लीगमधील सामने मोजूनच मिळते. बाल्टिमोरचा जॅक्सन हॉलिडे मायनर लीगमध्ये मुख्यत्वे शॉर्टस्टॉप होता. 10 एप्रिल 2024 रोजी तो वर आला तो दुसऱ्या बेसवर उभा राहण्यासाठी. अशा मुलाला कोणत्या रकान्यात बसवावे? खालची सारी नोकरी हिशेबातच धरावयाची नाही, असे म्हटले म्हणजे हा प्रश्न अकारण बिकट होतो.

संकेतस्थळांचीही बाजू आहे, आणि ती पोकळ नाही. प्रत्येक क्लबाच्या पदरी वरखाली मिळून दीडशेहून अधिक खेळाडू. तीस क्लबांचे मिळून सुमारे पाच हजार. त्यांतले बहुतेक कधीच वर येणार नाहीत. शिवाय नवे पोर वर आले की चमकतेच असेही नाही. हाच हॉलिडे त्या पहिल्या खेपेस 34 संधींत अवघे 2 यशस्वी फटके मारू शकला आणि एप्रिल संपण्यापूर्वीच त्याची पुन्हा खाली रवानगी झाली. मग एकदोन दिवसांचे एवढे अवडंबर कशाला, असे कोणी म्हणेल.

परंतु एका दिवसाची किंमत काय असते, हे खऱ्या बेसबॉलला विचारावे. तेथे 172 दिवसांची नोकरी म्हणजे एक वर्ष, आणि अशी सहा वर्षे भरली की खेळाडू हव्या त्या क्लबाशी करार करावयास मोकळा. 2015 च्या वसंतातील सराव सामन्यांत शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटने 9 होम रन मारले. तरी मोसमाच्या आरंभी त्याला खालीच ठेवले गेले आणि 17 एप्रिलला वर बोलावले. त्या वर्षी त्याचे दिवस भरले 171. एक दिवस कमी! तो त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला, तरी वहीत त्याचे वर्ष पुरे झाले नाही. क्लबाचे म्हणणे, त्याच्या क्षेत्ररक्षणात अजून सुधारणा हवी होती. खेळाडूंच्या संघटनेमार्फत तक्रार झाली. 2020 मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध लागला. एका दिवसाने त्याचे स्वातंत्र्य एक वर्ष लांबले.

या प्रकाराचा बोभाटा इतका झाला की 2022 च्या करारात सुधारणा करावी लागली. सर्वोत्तम नवोदिताच्या मतदानात जो पहिला किंवा दुसरा येईल, त्याला उशिरा बोलावले असले तरी पूर्ण वर्षाची नोकरी मिळू लागली. पिट्सबर्गचा पिचर पॉल स्कीन्स 11 मे 2024 रोजी वर आला, पहिला ठरला, आणि त्याला त्याचे वर्ष मिळाले. म्हणजे ज्या खेळात कोट्यवधी डॉलर गुंतले आहेत, त्याने आपली वही थोडी तरी दुरुस्त केली. ज्यात काहीच गुंतलेले नाही, तो मात्र ढिम्म बसला आहे.

आमचे गाऱ्हाणे गुणांपुरते नाही. कोठल्याशा गावच्या मैदानावर चारपाच वर्षे घाम गाळून पोरगा वर येतो, त्या दिवशी कोणी तरी त्याची वाट पाहत असावे, आणि वाट पाहणाऱ्याचे नाव त्याच्या नावाशेजारी लागावे, एवढीच या खेळाची गोडी आहे. निवडलेला खेळाडू नावारूपास येण्यापूर्वी आपण त्याला ओळखले, हे समाधान बेरजेत मावत नाही. पण यादी उशिरा आली की तेच प्रथम हिरावले जाते. दूर बदलीवर असलेल्या माणसाला हे अधिक जाणवत असेल. आपण आलो आहोत याची कोणी वेळेवर दखल घेतली, तर परके गाव निम्मे परके उरते.

म्हणून आमच्या मंडळाने आपल्यापुरता निर्णय केला आहे. ज्याने मोसमापूर्वी मायनर लीगमधील ज्या तीन मुलांची नावे लिहून दिली, ती त्याची. ती वर आली की पहिल्या चेंडूपासूनचे गुण शिलाँगचे स्नेही एका जाड वहीत हाताने नोंदवतात आणि महिनाअखेर संकेतस्थळाच्या बेरजेत मिळवतात. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी नियम लिहिला आहे : रुजू झाल्याचा दिवस तोच नोंदीचा दिवस. हा नियम आम्हांला कोणत्याही कचेरीत शोभेल असा वाटतो.