हसणारं वानर

मालेगाव तालुक्यातल्या एका शेतात, तुरीच्या धुऱ्यावर, विजेच्या तारेचा झटका बसलेलं वानर बाभळीखाली बसलं होतं. उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला. भोवती तीस-चाळीस माणसं. एक पोरगा मोबाइल पुढे करत म्हणाला, "डॉक्टरसाहेब, पाहा ना, कसं हासून रायलं!"

ते हसत नव्हतं. ओठ कानांकडे ओढले गेले होते, दात दिसत होते आणि मधूनच एकमेकांवर घासले जात होते. अंगाला थरथर सुटली होती, बसल्या जागी लघवी झाली होती. काळतोंड्या वानराच्या भीतीचं हे रूप आहे. वाशिम जिल्ह्यात गुराढोरांची डॉक्टरकी करताना वनविभागाचं बोलावणं आलं की मी वानरांकडेही जातो. हे रूप ओळखायला मला काही वर्षं लागली.

याच खुणा मोजून एक औषध तपासलं गेलं होतं. भीती वाटली की मेंदूतून सीआरएच नावाचं संप्रेरक सुटतं. त्याच्या सांगीवरून पियुषिका ग्रंथी जागी होते, आणि तिच्या सांगीवरून मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात कॉर्टिसॉल सोडतात. वायली व्हेल यांच्या गटाने १९८१ मध्ये सीआरएचची रचना उलगडली. मग प्रश्न आला, या साखळीची पहिलीच कडी अडवली तर? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी ॲन्टालार्मिन हे असं औषध ऱ्हीसस माकडांना तोंडावाटे दिलं आणि २००० साली निष्कर्ष छापले. दोन अनोळखी नर शेजारच्या पिंजऱ्यांत ठेवले, मध्ये फक्त पारदर्शक पडदा. औषधाविना ती माकडं थरथरली, दात विचकले, दात खाल्ले, मलमूत्र सुटलं. औषध दिल्यावर हे सगळं कमी झालं, रक्तातली तणावाची संप्रेरकंही कमी वाढली, आणि माकडं आजूबाजूला हुंगू-चाचपू लागली.

हा शोधनिबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला धुऱ्यावरचं ते वानर आठवलं. औषध पोटात गेलं तरी पडद्यापलीकडचा नर तिथेच होता. ज्या माकडांना आधी घाबरवलं, त्यांच्याच थरथरीतून आपल्याला हे ज्ञान मिळालं. त्यांचं ऋण मी मानतो. आपल्याकडेही हे ऋण आहे. २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत कोव्हॅक्सिनची चाचणी झाली ती २० ऱ्हीसस माकडांवर, आणि ती नागपूरच्या बाजूने पकडून नेलेली होती. मी ती लस दंडावर घेतली आहे.

पुढे ॲन्टालार्मिनच्या जातीची औषधं चिंता आणि नैराश्य असलेल्या माणसांना देऊन पाहिली. चाचण्यांत ती खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. या कुळातल्या क्रिनेसरफॉन्टला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पण ती अधिवृक्क ग्रंथींच्या एका जन्मजात विकारासाठी. माणसाची भीती त्या एका कडीने सुटली नाही.

माझ्या पेटीत ॲन्टालार्मिन नाही. केटामाइन आहे, झायलाझीन आहे. झायलाझीन मेंदूतलं नॉरॲड्रिनलीन सुटणं रोखतं, म्हणजे तेही तणावाच्या एका संप्रेरकालाच लगाम घालतं. पण आधीच पिसाळल्यासारख्या घाबरलेल्या जनावराला ते दिलं तर नीट लागू पडत नाही. रक्तात उसळलेली संप्रेरकं त्याला पुरून उरतात. मग हात मात्रा वाढवायला धावतो, आणि तिथेच जनावर दगावतं. केटामाइनचं आणखी एक. त्याने वानर हलत नाही, पण डोळे उघडे राहतात. त्यात मलम घालावं लागतं, वर फडकं टाकावं लागतं. भोवतीची माणसं मात्र त्याला निपचित समजून मोठ्याने बोलू लागतात.

म्हणून त्या दिवशी मी लगेच सिरिंज भरली नाही. वनरक्षकाला सांगून माणसं विहिरीपलीकडे नेली. ज्या पोराने मोबाइल धरला होता त्याला जवळ बोलावून म्हटलं, "बापू, ते हासत नाही, भेलं आहे." त्याने मोबाइल खिशात घातला आणि मग त्यानेच बाकीच्या पोरांना मागे रेटलं. आम्ही धुऱ्याआड पाठ करून बसलो. वीस मिनिटं. दात घासण्याचा आवाज थांबला, तेव्हा फुंकनळीने नेहमीची मात्रा मारली आणि ती पुरली.

माझ्या नोंदवहीत आता औषधाच्या मात्रेआधी एक रकाना आखलेला आहे: शांतता, मिनिटे. त्यात पहिला आकडा २० आहे.