पावतीवरचा आजार

परवा कपाट आवरताना ती पावती पुन्हा हाताला लागली. आजाराच्या रकान्यात लिहिलंय ‘नैराश्य’. मला नैराश्य नव्हतं. मला होती ती चिंता.

आम्ही केमचे, घरचा धंदा कुंकवाचा. उधारी, सासूबाईंचं आजारपण, मुलीचं लग्न. जगावेगळं काही नाही. पहाटे तीनला छाती धडधडत जाग यायची, हातपाय गार पडायचे. लिंबू उतरवून झालं, ईसीजी झाला. शेवटी सोलापूरच्या मानसोपचार डॉक्टरांनी एस्सिटालोप्रामची रोज एक गोळी दिली. गुण यायला महिना लागला, पण आला. वजन तेवढं वाढलं. त्यावरून जाऊबाईंनी पुण्यातला एक दवाखाना सुचवला. चुंबकानं मेंदूवर उपचार, गोळ्यांची कटकट नाही.

पाटल्या मोडून वीस बैठकांचे पैसे आगाऊ भरले. सोमवार ते शुक्रवार, चार आठवडे. कुर्डुवाडीहून गाडी धरली आणि जाऊबाईंकडे मुक्काम टाकला. पहिल्या दिवशी डोक्याला वेटोळं लावून किती जोरावर अंगठा उडतो ते बघतात, त्यावरून ताकद ठरवतात. मग डाव्या कपाळावर टकटक, टकटक. भूल नाही, शुद्ध जात नाही. शॉक म्हणतात तो हा नव्हे.

पण त्याच दिवशी तिथल्या माणसानं सांगितलं, “गोळी आजपासून बंद. गोळीची सवय लागते, मशीनची लागत नाही.” मी बंद केली. चौथ्या दिवशी मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. जिना उतरताना भिंत धरावी लागे. उगाच रडू यायचं. तक्रार केली तर म्हणाले, “मेंदू जुळवून घेतोय, म्हणजे उपचार लागू पडतोय.” मी ते खरं मानलं! आणखी पाच दिवस तशीच जात राहिले. नवव्या दिवशी रस्त्यात मटकन खाली बसले, तेव्हा सोलापूरला फोन लावला.

डॉक्टरांनी एकच विचारलं, “ताई, गोळी कुणी बंद केली?” हे औषध हळूहळू उतरवायचं असतं. सवय लागते ती अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची. या माणसानं दोन्हींची गल्लत केली होती. मशीनला अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली ती गोळ्यांनी न हटणाऱ्या नैराश्यासाठी, २०१८ मध्ये मंत्रचळासाठी. नुसत्या चिंतेवर अजून लहान लहान अभ्यासच आहेत. हे मला पैसे भरण्याआधी कुणी सांगितलं नाही. आणि पावतीवर मात्र मान्यतेतला आजार बरोब्बर लिहिला. म्हणजे त्यांना माहीत होतं.

पैसे भरलेले, म्हणून डॉक्टरांना विचारून गोळी पुन्हा सुरू केली आणि उरलेल्या बैठका पुऱ्या केल्या. शेजारी एक निवृत्त गुरुजी बसत. त्यांना खरंच नैराश्य होतं, तीन-चार औषधं करून झाली होती. पहिल्या आठवड्यात मान वर करत नसत, तिसऱ्या आठवड्यात मला म्हणाले, “चहा घेणार का?” त्यांच्या बायकोचे डोळे भरून आले. त्यामुळे मशीनला खोटं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शेवटच्या आठवड्यात मलाही गाढ झोप लागली. गोळीनं की चुंबकानं, कोण सांगणार?

चालू गोळी तिच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही सोडू नका. पहाटे तीनला जीव घाबरला तर १४४१६ वर टेली मानसला फोन करा. रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.