गरम पाण्याचे कारण

मुकुटबनच्या आमच्या वसतिगृहात त्या हिवाळ्यात सोलरचे पाणी कोमट येऊ लागले. ऊन लख्ख पडत असे. काचाही आम्ही पुसल्या होत्या. मग दोष माणसांवर आला. दहावीची मुले पहाटेच सारे गरम पाणी संपवतात, असे आम्ही लहानांनी ठरवले आणि त्यांच्याशी बोलणे सोडले.

एका रविवारी गुरुजींनी पाइपाचा जोड खोलला. आत दगडासारखा पांढरा थर होता. आपल्या परिसरातील जमीन चुनखडीची, म्हणून बोअरच्या पाण्यात क्षार फार. पाणी तापले की ते क्षार वेगळे होऊन नळ्यांत साचतात, वाट अरुंद होते आणि तापलेले पाणी टाकीपर्यंत पोहोचत नाही. सौम्य आम्लाने नळ्या धुतल्या; दोन दिवसांनी बादलीतून वाफ निघाली.

तथागतांनी दुःखाबरोबर त्याचे कारणही पाहायला शिकवले. चार आर्यसत्ये मुखोद्गत असूनही आम्ही कारण न शोधता माणसांना दोषी धरले होते. त्या सायंकाळी वंदनेनंतर आम्ही दादांची क्षमा मागितली. आज आमच्या घरी गीझर आहेत. पाणी गार आले की आम्ही कुणावर रागावण्याआधी आतला थर पाहतो. ही सवय या शाळेचीच देणगी होय.