बोटावरचा दिवा

सप्टेंबर 2020 मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली, तेव्हा आमच्या वाडीतही स्वयंसेविका दारोदार फिरल्या. कपडे वाळत घालण्याच्या चिमट्यासारखे ते इवलेसे यंत्र प्रत्येकाच्या बोटाला लागले आणि आकडा वहीत उतरला. उन्हातान्हात मळे शिंपून रापलेली बोटे ती. पण बोटाच्या रंगाचा रकाना त्या वहीत नव्हता.

यंत्राची रीत साधी आहे. तांबडा प्रकाश आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बोटातून पलीकडे जातो. प्राणवायूने भरलेले रक्त तांबडा प्रकाश कमी शोषते, त्यावरून हिशोब मांडला जातो. जपानचे ताकुओ आओयागी यांनी 1970 च्या दशकात ही युक्ती शोधली. मात्र हिशोबाचे कोष्टक निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग करून बसवावे लागते, आणि ते स्वयंसेवक बहुधा गोऱ्या वर्णाचे होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाची 2013 ची अपेक्षा पाहा: किमान दहा माणसे, त्यांत सावळ्या वर्णाची निदान दोन!

त्वचेतील कृष्णद्रव्यही प्रकाश शोषते. परिणामी काळ्या त्वचेवर आकडा खऱ्यापेक्षा चढा दिसू शकतो. 1990 मध्येच तसा इशारा मिळाला होता. डिसेंबर 2020 मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी आकडे मांडले: यंत्र 92 ते 96 दाखवीत असताना धमनीतील प्राणवायू प्रत्यक्षात 88 च्याही खाली असण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के, तर काळ्या रुग्णांत 11.7 टक्के.

एप्रिल 2021 मध्ये आमच्या आतेला धाप लागली होती. यंत्र 95 दाखवीत होते, आणि त्या आकड्याला खाट मिळणार नाही, असे एका रुग्णालयाने सांगितले. शेजारच्या निवृत्त परिचारिकाबाईंनी मनगटी घड्याळ समोर धरून तिचे श्वास मोजले. मिनिटाला बत्तीस. बाई रुग्णालयाच्या दारातून हलल्या नाहीत, म्हणून आतेला खाट मिळाली. एका उदाहरणावरून सिद्धान्त मांडता येत नाही. परंतु आकडा माणसापेक्षा मोठा झाला की काय होते, ते आम्ही त्या रात्री पाहिले.

आता हेच आकडे कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्यासाठी वापरले जातात. मनगटावरचे घड्याळ उद्या सांगेल, ‘काळजी नको’. आणि तिथे तर श्वास मोजणाऱ्या बाईही नसतील. शिवाय चूक केवळ प्रकाशाचीच असते असे नाही. अमेरिकेतील एका प्रणालीने आजाराचे मोजमाप उपचारावरील खर्चावरून केले. ज्यांच्यावर खर्च कमी झाला, ते तिच्या लेखी निरोगी! 2019 मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की हा दोष काढला तर जादा मदतीस पात्र ठरणाऱ्यांत काळ्या रुग्णांचा वाटा 17.7 वरून 46.5 टक्क्यांवर जातो. आपल्या डोंगरपाड्यांवरची जी माणसे इस्पितळाची पायरीच चढत नाहीत, त्यांना असे यंत्र काय म्हणेल?

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2023 मध्ये याविषयी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे काढली. अमेरिकेतही जानेवारी 2025 च्या मसुद्यात चाचणीसाठी किमान दीडशे माणसे सुचवली आहेत. आमची मागणी त्याहून लहान आहे. यंत्राच्या खोक्यात जे घडीचे पत्रक असते, त्यावर ते कोणाकोणाच्या बोटांवर पारखले, हे मराठीत छापावे. अक्षर मात्र आतेला चष्म्याने वाचता येईल एवढे असावे.