पिवळा दिवा

रोवणीच्या दिवसांत पवनीहून भंडाऱ्याला येताना आमच्या गाडीत एबीएसचा पिवळा दिवा लागला. एरवी चावी फिरवली की तो दोन-तीन सेकंद पेटून विझतो. त्या दिवशी विझलाच नाही. ब्रेक मात्र लागत होते.

पहिल्या मिस्त्रींनी "पंप गेला" म्हणत असा आकडा सांगितला की आम्ही दोघे गप्पच झालो. अम्मींच्या ऑपरेशनसाठी हीच गाडी विकायची होती. रविवारी साकोलीहून एक गुरुजी ती पाहायला येणार होते. मिस्त्री म्हणाले, "मीटर उघडून दिवाच बंद करून देतो. ब्रेक तर लागतातच ना?"

खरे सांगायचे तर आमचे मन डळमळले. घरी अम्मींना सांगितले, तर त्या म्हणाल्या, "म्हणजे वरून सुके धान, आतून ओले?" रसूलुल्लाह (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि आत ओल लागली, तो प्रसंग. आमच्या धानाच्या जिल्ह्यात तो कुणाला फोडून सांगावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. चाचांनी आधी स्कॅनर लावला. पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर बोलत नव्हता. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर चाकाचा वेग सांगत असतो. ब्रेक दाबल्यावर एखादे चाक जाम होऊ लागले, की एबीएस त्याचा दाब क्षणात सोडते, पुन्हा धरते. म्हणून ओल्या रस्त्यावरही स्टेअरिंग हातात राहते. पिवळा दिवा लागला की साधे ब्रेक चालतात, ही राखण मात्र जाते. सोबत लाल दिवाही पेटला तर गाडी तिथेच थांबवून ब्रेक ऑइल पाहायचे, हे त्यांनी दोनदा बजावले. एप्रिल 2019 पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे. आमची गाडी त्याआधीची, तरी तिला होते.

चाक काढले तर सेन्सरवर बांधीतल्या चिखलाचा थर. आम्हाला वाटले, सुटलो! पुसून कोड मिटवला, गल्लीच्या वळणावर दिवा पुन्हा हजर. मग चाचांनी मल्टिमीटर लावून वायर हळूहळू वाकवली. एका जागी काटा पडला. वरचे रबर धड, आत तार तुटलेली. स्टेअरिंग वळले की ताण येत होता. नवा सेन्सर बसला. पंपाच्या मानाने खर्च अगदीच थोडा. थोडे अंतर चालवल्यावर दिवा विझला, अल्हमदुलिल्लाह.

रविवारी गुरुजींना आम्ही बिल दाखवले, जुना सेन्सरही हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि दोन हजार कमी करा म्हणाले. अम्मी आतून म्हणाल्या, "एक हजार."