असईचा हत्ती आणि किल्टवाल्या पलटणी

बंगळुरूचे पीण्या औद्योगिक क्षेत्र हे काही सहलीचे ठिकाण नव्हे. तुमकूर रस्त्यालगत पसरलेल्या या वसाहतीत यंत्रांचे सुटे भाग, विजेची उपकरणे, तयार कपडे अशी नाना तऱ्हेची कामे रात्रंदिवस चालतात. पण पोटापाण्यासाठी इथे येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबाला सुटीच्या दिवशी एक छोटी सहल सहज करता येते. पीण्याहून हिरव्या मार्गाची मेट्रो पकडायची, मॅजेस्टिक आणि चिकपेट मागे टाकायचे आणि कृष्णराजेंद्र मार्केटला उतरायचे. फुलबाजाराच्या गोंगाटाला लागूनच बंगळुरूच्या जुन्या किल्ल्याचा उरलासुरला तुकडा उभा आहे.

केंपेगौडाने १५३७ मध्ये बांधलेला मातीचा कोट हैदरअलीने १७६१ मध्ये दगडी केला. मधल्या काळात हे गाव शहाजीराजांच्या जहागिरीत होते, हे मराठी वाचकांना वेगळे सांगायला नको. आता राहिला आहे तो दिल्ली दरवाजा आणि त्याच्या आजूबाजूचा थोडा तट. त्या तटावर एक दगडी पाटी बसवलेली आहे. २१ मार्च १७९१ रोजी याच खिंडारातून इंग्रजांनी हल्ला केला, असे ती सांगते. लॉर्ड कॉर्नवॉलिसच्या तोफांनी तट फोडला, रात्री चांदण्यात हल्ला झाला आणि टिपूचा म्हातारा किल्लेदार बहादूरखान लढता लढता पडला.

पाटी एवढ्यावरच थांबते. ते हल्लेखोर कोण होते, याबद्दल ती काही बोलत नाही. कॉर्नवॉलिसच्या फौजेत ७१ व्या आणि ७२ व्या हायलँडर पलटणी होत्या. हायलँडर म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातले लोक. त्यांचा परंपरागत पोशाख म्हणजे चौकटीचौकटीच्या लोकरी कापडाचा, कमरेपासून गुडघ्यापर्यंत येणारा, मागे दाट चुण्या असलेला किल्ट. आपल्याकडच्या माणसाला तो प्रथमदर्शनी घागराच वाटतो! एका किल्टला सात-आठ वार कापड लागते. नऊवारी नेसणाऱ्या आजीबाईंना यात काही नवल वाटणार नाही म्हणा.

आणि गंमत अशी, की कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हँकूवर शहरात आजही एक किल्टधारी पलटण आहे, जिने १९१० साली उभी राहताना याच ७२ व्या पलटणीचा आकडा आपल्या नावात घेतला. बंगळुरूचा तट कुठे आणि व्हँकूवर कुठे!

बंदी घातलेला पोशाख

हे लोक इंग्रजांचे शिपाई कसे झाले, ती कथा मोठी करुण आहे. १७४६ मध्ये कलोडनच्या माळावर हायलँडर टोळ्यांचे बंड इंग्रज फौजेने चिरडले. त्याच वर्षी कायदा करून त्यांच्या पोशाखावर बंदी घातली गेली. किल्ट घातला तर तुरुंग, दुसऱ्यांदा घातला तर समुद्रापार हद्दपारी. ही बंदी १७८२ पर्यंत टिकली. अपवाद फक्त एक होता. राजाच्या पलटणीत भरती झालेल्या शिपायाला किल्ट घालण्याची मुभा होती. ज्याला वाडवडिलांचा पोशाख घालायचा होता, त्याने तो वाडवडिलांना हरवणाऱ्यांच्या चाकरीत घालावा!

पुढे जमीनदारांनी मेंढ्या पाळण्यासाठी कुळांना जमिनीवरून हुसकावले, तेव्हा माणसे दोन वाटांनी बाहेर पडली. एक वाट पलटणीची, दुसरी जहाजाची. १७७३ मध्ये ‘हेक्टर’ नावाचे जहाज अशीच कुटुंबे घेऊन कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाला पोहोचले. नोव्हा स्कोशिया या नावाचा अर्थच ‘नवे स्कॉटलंड’. एकाच गावातला एक भाऊ हिंदुस्थानात बंदूक घेऊन उतरला आणि दुसरा कॅनडात कुऱ्हाड घेऊन जंगल तोडू लागला, असेही घडत असेल. कॅनडातल्या किल्टचे मूळ या ताटातुटीत आहे.

हिंदुस्थानात आल्यावर मात्र किल्ट पुष्कळदा पेटीत पडून राही आणि अंगावर पांढरी विजार चढे. आपले ऊन कोणाची भीड ठेवत नाही. १८०९ मध्ये तर नव्या भरतीला अडचण होते म्हणून ७२ आणि ७४ धरून सहा हायलँडर पलटणींचा किल्ट सरकारनेच काढून घेतला.

बंगळुरू पडले तेव्हा मराठे इंग्रजांचे दोस्त होते. मे महिन्यात कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणपर्यंत गेला, पण अन्नावाचून त्याच्या फौजेची दैना झाली. बैल मेले, आपल्याच वेढ्याच्या तोफा निकामी करून त्याला मागे फिरावे लागले. मेलकोट्याच्या बाजूला समोरून घोडदळ येताना दिसले. इंग्रजांना वाटले, शत्रूच आला. पण ते निघाले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांचे मराठी लष्कर! त्यांच्याबरोबरच्या बाजारात धान्यापासून काश्मिरी शालींपर्यंत सारे काही मिळत होते. भाव अर्थातच चढे होते. तरी हायलँडरांच्या पोटात त्या उन्हाळ्यात जे दाणे गेले, ते मराठ्यांच्या बाजारातले होते.

बारा वर्षांनी हे दोस्त समोरासमोर उभे राहिले.

दोन नद्यांच्या मधोमध

अजिंठ्याची लेणी पाहायला जाणारे प्रवासी सिल्लोडवरून पुढे जातात. तिथून पूर्वेला वळून भोकरदनच्या बाजूला गेले, तर जालना जिल्ह्यात असई नावाचे लहानसे खेडे लागते. एका अंगाला केळणा नदी, दुसऱ्या अंगाला जुई, मध्ये काळ्या जमिनीची जीभ. कापूस आणि मका पिकवणारा हा साधा शेतकरी मुलूख. अजिंठ्याची गर्दी इकडे वळत नाही.

१८०२ च्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून इंग्रजांचे पाय घट्ट रोवू दिले. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांना तो मान्य नव्हता. २३ सप्टेंबर १८०३ च्या दुपारी त्यांचे अफाट लष्कर केळणेच्या उत्तर काठावर पसरलेले होते. घोडदळाची तर गणतीच नव्हती. पण खरा कणा होता तो पोलमन नावाच्या जर्मन सरदाराच्या हाताखालच्या दहा हजारांहून अधिक कवायती पायदळाचा आणि शंभराच्या आसपास तोफांचा. समोर आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढे नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्याच्याजवळ प्रत्यक्ष लढायला साडेचार हजारांच्या आसपास माणसे होती आणि ती सकाळपासून वीसेक मैल चालून आलेली होती.

नदीला उतार नाही, असे वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितले. त्याने पाहिले, तो नदीच्या दोन काठांवर दोन गावे समोरासमोर, पिंपळगाव आणि वरूड. अशी गावे एकमेकांसमोर वसतील आणि येण्याजाण्याला उतार नसेल, हे कसे शक्य आहे? तो तसाच पुढे गेला आणि खरोखरच उतार सापडला. ही त्याची चतुराई शाळकरी मुलांच्या पुस्तकात शोभावी अशी आहे. पण पुस्तके दुसरी गोष्ट सांगायला विसरतात. तो बाजूने येतो आहे हे कळताच पोलमनने आपले सारे पायदळ आणि तोफखाना भराभर वळवून त्याच्यासमोर नवी फळी उभी केली. कवायती शिपायांनाच जमावी अशी ही हालचाल होती आणि मराठी लष्कराला ती जमणार नाही असा वेलस्लीचा समज होता.

डाव्या बाजूने ७८ वी हायलँडर पलटण तोफांच्या माऱ्यातून चालत गेली आणि संगिनी घेऊन तोफखान्यावर तुटून पडली. उजव्या बाजूला मात्र घोटाळा झाला. आघाडीची तुकडी वाट चुकून थेट असई गावाकडे वळली आणि तिच्यामागून ७४ वी पलटण गेली. गावात तोफा आणि पायदळ दडलेले होते. वरून मराठ्यांचे घोडदळ तुटून पडले. ७४ व्या पलटणीने आपल्याच मेलेल्या सोबत्यांच्या प्रेतांचा आडोसा करून चौकोन धरला. इंग्रज घोडदळ मदतीला आले, तोवर सुमारे पाचशेच्या पलटणीतली चारशेवर माणसे मेली किंवा जखमी झाली होती. लढणारा एकही अधिकारी धड राहिला नव्हता.

आणि मराठी गोलंदाज? त्यांनी तोफा सोडल्याच नाहीत. हायलँडर अंगावर आले तेव्हा कित्येकजण तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले आणि फळी पुढे सरकताच उठून त्याच तोफा उलट्या फिरवून तिच्या पाठीत डागल्या. वेलस्लीला ७८ वी पलटण मागे वळवून त्या तोफा दुसऱ्यांदा जिंकाव्या लागल्या. या दिवशी त्याच्याखालच्या दोन घोड्यांना मार बसला.

संध्याकाळपर्यंत ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. त्यांची ४२८ माणसे ठार झाली आणि ११३८ जखमी. ही मोजणी पलटणीनिहाय आणि हुद्द्यानिहाय छापलेली आहे. मराठ्यांचे मृत मात्र ‘बाराशेच्या आसपास’ एवढेच. तोफेखाली पडून राहिलेल्या त्या गोलंदाजांपैकी एकाचे तरी नाव आज कोणाला सांगता येईल काय?

इंग्रज जखमींचे इस्पितळ अजिंठा गावात उघडले गेले. लेण्यांचा शोध लागायला अजून सोळा वर्षे होती. १८१९ मध्ये शिकारीला निघालेल्या जॉन स्मिथला ती दिसली. त्या डोंगराच्या कुशीत किती बुद्धमूर्ती बसल्या आहेत, याची त्या विव्हळणाऱ्या स्कॉट पोरांना कल्पनाही नसेल.

नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड आणि ३० डिसेंबर १८०३ ला सुर्जी-अंजनगावचा तह. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

हत्ती समुद्रापार जातो

कंपनी सरकारने ७४ व्या आणि ७८ व्या पलटणीला आणि १९ व्या घोडदळाला मानाचे एक जादा निशाण दिले. त्यावर हत्तीचे चित्र आणि ‘असई’ हे नाव. एरवी पलटणीला दोनच निशाणे असत. तेव्हापासून मराठवाड्यातल्या या खेड्याचे नाव स्कॉटलंडच्या थंडीत फडकू लागले. एडिंबरोच्या किल्ल्यासमोरच्या मैदानात ७८ व्या पलटणीचे १८५७ च्या लढायांचे स्मारक आहे. त्या उंच क्रुसाच्या दगडावर आपला हत्ती कोरलेला दिसतो.

लढणाऱ्यांत मद्रासी शिपायांच्या पलटणीही होत्या, हे विसरून चालणार नाही. स्वतंत्र भारताच्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावरही हाच असईचा हत्ती आहे आणि तिचे केंद्र निलगिरीतल्या वेलिंग्टन या गावी आहे.

७८ वी पलटण १८६९ ते १८७१ या काळात कॅनडात हॅलिफॅक्सच्या किल्ल्यावर होती. आज उन्हाळ्यात त्या किल्ल्यावर जाणाऱ्या प्रवाशाला दारात किल्ट घातलेला, डोक्यावर पिसांची उंच टोपी ठेवलेला पहारेकरी दिसतो. ही बहुधा सुटीत काम करणारी विद्यार्थी मंडळी असतात. त्यांनी चढवलेला असतो तो ७८ व्या पलटणीचाच जुना गणवेश. रोज दुपारी बाराला तोफ उडते. कॅनडात मुलगा-सून किंवा लेक-जावई असलेले कितीतरी मराठी आई-वडील तिथे हौसेने फोटो काढून घेतात. ही पलटण भोकरदनजवळ आपल्या माणसांशी लढली होती, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल!

१८८१ मध्ये ७२ वी आणि ७८ वी एकत्र करून ‘सीफोर्थ हायलँडर्स’ झाली आणि ७२ व्या पलटणीला पुन्हा किल्ट मिळाला. तिच्याच नात्यातली व्हँकूवरची ‘सीफोर्थ हायलँडर्स ऑफ कॅनडा’. दोन्हींचा किल्ट मॅकेंझी घराण्याच्या हिरव्या-निळ्या चौकटीचा. या व्हँकूवरच्या पलटणीतून पहिल्या महायुद्धात गेलेल्या जेम्स रिचर्डसन या तरुण बॅगपाइपवाल्याची हकिकत कॅनडात घरोघर माहीत आहे. ८ ऑक्टोबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये काटेरी तारांपुढे पलटण अडकली, तेव्हा हा गोळ्यांच्या वर्षावात चालत चालत वाजवत राहिला आणि पलटण उठली. नंतर एका जखमीला मागे नेताना बॅगपाइप विसरला म्हणून तो परत गेला, तो गेलाच. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचा चिखलाने माखलेला बॅगपाइप स्कॉटलंडच्या एका शाळेत सापडला आणि २००६ मध्ये ब्रिटिश कोलंबियाला परत आला.

दुसऱ्या महायुद्धात आघाडीवर किल्ट उरला नव्हता. खाकी सर्वांनाच सारखी. डिसेंबर १९४३ मध्ये इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर ऑर्टोना हे गाव घेण्यासाठी सीफोर्थ घराघरातून लढत होते. नाताळच्या दिवशी एकेक कंपनी पाळीपाळीने मागे येऊन एका पडझड झालेल्या चर्चमध्ये जेवून पुन्हा गोळीबारात जात होती. त्यांच्या डाव्या हाताला आठवी हिंदी डिव्हिजन होती आणि तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची पलटण होती. मेलकोट्यानंतर दीडशे वर्षांनी मराठे आणि हायलँडर पुन्हा एका बाजूला आले होते.

ऑर्टोनाजवळ मोरो नदीकाठच्या दफनभूमीत कॅनडाचे सैनिक झोपले आहेत. तिथून थोड्याच अंतरावर सांग्रो नदीची दफनभूमी आहे आणि तिच्यात दहन झालेल्या हिंदी जवानांचे स्मारक आहे. पाचशेहून अधिक जवानांची नावे त्यावर आहेत. नाव, हुद्दा आणि पलटण.